धसकटाच्या फुटव्यात गुरं नकोच
एकाने विचारलंय, ज्वारी कापल्यावर धसकटाला हिरवे फुटवे आलेत, त्यात गुरं सोडली तर कडबा वाचेल का? कडबा वाचेल, बैल जाईल! कोवळ्या फुटव्यात सायनाइडचं विष तयार होतं, पाण्याचा ताण पडला की आणखी वाढतं. उपाशी जनावर अधाशासारखं खातं. मग लाळ, धाप, थरथर, आणि डॉक्टर यायच्या आत आडवं. फुलोऱ्यानंतर धोका पुष्कळ कमी. कापून उन्हात नीट वाळवलं की विष बरंच उतरतं, म्हणून तर तापीकाठी दादर ज्वारीचा कडबा आपण बिनधास्त घालतो. तो पुरवायचाय ना? बारीक कापून कुट्टी करा. अख्खी पेंढी टाकली तर गुरं पानं ओरबाडतात नि बुडखे पायाखाली जातात. जळगावातल्या रावेर-यावलकडच्यांना केळीचं खोडही आहे, पण ते निव्वळ पाणी. चिरून, सुकवून, कुट्टीत मिसळूनच द्या.