सगळंच सॅक्सनांच्या खात्यावर नको

इंग्रजीत जनावराला एक शब्द आणि त्याच्या मांसाला दुसरा, याची काऊ-बीफ, शीप-मटन ही नेहमी दिली जाणारी उदाहरणं बरोबर आहेत: गोठ्यातला शब्द जर्मॅनिक (म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला), ताटातला फ्रेंच. पण त्यावरून 'रोजच्या वापरातलं जे जर्मॅनिक ते सगळं अँग्लो-सॅक्सनांचं (म्हणजे इंग्लंडमध्ये आधीपासून वसलेल्या जर्मॅनिक टोळ्यांचं)' हा जो निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग वसले. त्यांची नॉर्स भाषाही जर्मॅनिकच, त्यामुळे तिचे शब्द इंग्रजीत बेमालूम मिसळले. स्काय, विंडो, हजबंड, टेक, एग हे सगळे तिकडचे. इतकंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा! सर्वनामं सहसा कुणी उसनी घेत नाही. शर्ट आणि स्कर्ट तर मुळात एकच शब्द, पहिला इंग्रजी वळणाचा, दुसरा नॉर्स.

'एग'ची तर मजाच आहे. छापखानेवाला विल्यम कॅक्सटन १४९० च्या एका प्रस्तावनेत सांगतो, की वारा पडल्याने अडकलेले काही व्यापारी थेम्सच्या बाजूला किनाऱ्यावर उतरले आणि त्यातल्या एकाने एका घरी 'एगेस' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. मग दुसऱ्याने 'आयरन' मागितली, तेव्हा कुठे तिला कळलं अंडी हवीत ते. हे 'आयरन' म्हणजे जुन्या इंग्रजीतून आलेलं अनेकवचन, जर्मनमधल्या 'आयर'चं सख्खं भावंड. म्हणजे तिथं खरा सॅक्सन शब्द बाईचा होता, आणि टिकला मात्र उत्तरेकडचा पाहुणा.