मदत हवी आहे: जुन्या फोटोग्राफर मित्रांची कृष्णधवल पोर्ट्रेट, केस जळतात आणि चेहरे काळवंडतात

उत्तरखिडकी:
आमच्या गटातले दहा-बारा जण, सगळे साठी-सत्तरीतले, फिल्मच्या काळापासून कॅमेरा हाताळणारे. प्रत्येकाचं एक चौकोनी कृष्णधवल पोर्ट्रेट, सगळी एकाच खिडकीच्या उजेडात, असा संच करायचा आहे. प्रिंट ८ बाय १०च्या कागदावर.

कॅमेरा याशिका मॅट १२४जी (दुहेरी लेन्सचा, वरून बघायचा), फिल्म एचपी५ प्लस, वेग (आयएसओ) ४००लाच धरलेला, डेव्हलपर डी-७६ पाण्यात एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं. उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यातल्या मीटरवर. निगेटिव्हवर पांढरे केस आणि झब्बा ठार काळे येतात, गालाची सावलीकडची बाजू मात्र जवळजवळ कोरी. शिवाय बहुतेकांना चष्मा आहे आणि काचेत खिडकी दिसते. कुठून सुरुवात करावी?

हायपो:
आधी मीटरचा सेल बघा. या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, आता तो मिळत नाही. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला असेल तर काटा उजेड जास्त दाखवतो आणि फिल्मला प्रकाश कमी पडतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. मापाने लहान असतो, म्हणून भोवती रबराचं कडं बसवा. सेलवरचा स्टिकर काढल्यावर काही आठवड्यांत उतरतो, त्यामुळे फोटो काढायच्या दिवशीच काढा.

पण मुख्य कारण वेगळं आहे. हे मीटर समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी घेतं. झब्बा पांढरा, केस पांढरे, बाजूला खिडकी. त्यात गव्हाळ चेहऱ्याचा विचार होतच नाही. मीटर, म्हणजे कॅमेराच, गालापासून वीतभर अंतरावर न्या, स्वतःची सावली पडू देऊ नका आणि उजेडाकडच्या गालाचं माप घ्या. गव्हाळ रंगाला ते माप जसंच्या तसं चालतं. गोऱ्या माणसाला एक स्टॉप उघडा (म्हणजे प्रकाश दुप्पट), सावळ्याला एक स्टॉप बंद करा, नाहीतर सगळे एकाच रंगाचे दिसतील आणि संचाचा जीवच जाईल.

फिल्मचा वेग ४००ऐवजी २००ला धरा आणि डेव्हलपिंग १३ऐवजी ११ मिनिटं करा. जादा प्रकाशाने सावलीचा गाल भरतो, कमी वेळामुळे केस आवरतात. दोन्ही एकत्रच करा. नुसता वेळ कमी केलात तर सावली आणखी कोरी होईल.

तिपाई:
उजेडाबद्दल थोडं. माणूस खिडकीला खेटून बसवू नका. दोन फुटांवर बसवला तर कान आणि नाक यांच्या उजेडातही फरक पडतो. चार-पाच फूट आत घ्या, सावलीकडे दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्मोकोल चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर उभा करा. दोन्ही गाल मोजून बघा. एक ते दीड स्टॉपचा फरक चांगला. दोनच्या पुढे गेला तर थर्मोकोल जवळ आणा. पाठीमागचा पडदा राखाडी आणि माणसापासून निदान सहा फूट मागे.

खिडकी उत्तरेची असली तरी आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन आत येतं. पातळ पांढरा पडदा लावून ठेवा.

१२४जी कमरेच्या उंचीवर धरून काढलेल्या फोटोत हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. तिपाई उंच करून लेन्स डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कॅमेऱ्याच्या वरच्या हूडमध्ये बघायला स्टुलावर उभे राहा. अंतर दीड मीटर ठेवलंत तर चौकटीत साधारण एक मीटर मावतं, म्हणजे धड आणि हात. नुसता चेहरा हवा असेल तर प्रिंट करताना एन्लार्जरवर कापा. एका मीटरवर गेलात की नाक मोठं दिसायला लागतं. एफ ५.६, १/१५ किंवा १/३०, केबल रिलीज. फोकस चुकायला फार जागा नाही, म्हणून जवळच्या डोळ्यावरच फोकस करा. बसणाऱ्याचे कोपर टेबलावर टेकलेले असले की चेहरा हलत नाही.

काचबिंब:
चष्मा: काड्या कानावरून अर्धा इंच वर उचलून ठेवायच्या, म्हणजे काचा खाली कलतात आणि खिडकीचं प्रतिबिंब जमिनीकडे जातं. उरलेलं काम हनुवटी किंचित खाली करून होतं. खिडकीचा खालचा अर्धा भाग काळ्या कापडाने झाकला तर उजेड वरून येतो, त्याचाही फायदा होतो.

एक गोष्ट मात्र दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्यात हमखास चुकते. तुम्ही वरच्या लेन्समधून बघता आणि फोटो खालच्या लेन्समधून निघतो. वर काच स्वच्छ दिसते, खाली चमक बसलेली असते. चौकट ठरली की डोळा खालच्या लेन्सच्या उंचीवर नेऊन एकदा समोरून बघा. चौकटही जुळवायची असेल तर दोन लेन्समधल्या अंतराइतका तिपाईचा दांडा वर घ्या.

उत्तरखिडकी:
मनापासून आभार. दोन शंका. नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर असतं, २०वर आणणं कठीण जातं. आणि पिवळा-हिरवा फिल्टर वापरावा का?

हायपो:
२४ अंश धरा. २०चे १३ मिनिटं तिथे साधारण ९ होतात. तुमच्या कमी केलेल्या वेळेला साडेसात-आठ. पाच मिनिटांखाली जाऊ नका, डेव्हलपिंग डागाळतं. टँक, स्टॉप बाथ, हायपो (फिक्सर) आणि धुण्याचं पाणी एकाच टबात ठेवा, टबात बर्फाची बंद पिशवी सोडा. डेव्हलपर २४वर आणि धुणं ३२वर असं झालं तर जिलेटिन सुजतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे दोन-चार थेंब, नाहीतर बोअरच्या पाण्याचे क्षार गालावरच वाळतात.

फिल्टर: लाल किंवा नारिंगी नकोच. त्वचा गुळगुळीत होते, ओठ फिके पडतात, आणि तुम्हाला याच माणसांच्या सुरकुत्या हव्या आहेत. पिवळा-हिरवा त्या जपतो, दाढीचे खुंटही दिसतात. या कॅमेऱ्याला बे १ मापाचा लागतो. एक-दोन स्टॉप जातात, म्हणून घरातल्या उजेडात मी तरी बिनफिल्टरच सुचवेन.

तिपाई:
फोटोग्राफरला समोर बसवलं की तो स्वतःच पोज ठरवतो आणि ताठ होतो. त्याचा सर्वांत जास्त वापरलेला कॅमेरा हातात द्या आणि फिल्म भरायला सांगा. लीव्हर ओढून झाल्यावर तो वर बघतो, तेव्हा शटर दाबा. काळा कॅमेरा गडद कपड्यावर हरवतो, त्याला फिक्या शर्टावर धरा. आणि लेन्सचं तोंड थोडं खाली वळवा, त्याच्या काचेतही खिडकी येते.

हायपो:
प्रिंटला २½ ग्रेडपासून (मध्यम कॉन्ट्रास्ट) सुरुवात करा. केस तरीही कोरे राहिले तर तेवढाच भाग ०० फिल्टरने (सर्वांत कमी कॉन्ट्रास्ट) बर्न करा, म्हणजे तिथे जादा उजेड द्या, कडा काळ्या होत नाहीत. पहिलं मनासारखं प्रिंट पूर्ण वाळवून ट्रेजवळ ठेवा आणि पुढच्या प्रत्येकाचे केस त्याच्याशी ताडून बघा. फायबर कागद वाळल्यावर थोडा गडद होतो, ओल्या प्रिंटवर ठरवू नका.