तीन-तीन तासांच्या एआय मुलाखती : ऐकून नेमकं हाती काय लागतं?

बदलापूरकर

मी हिशेबनीस आहे, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. रोज बदलापूर ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात आणि गेली दोन वर्षं त्या वेळात मी एआयवरच्या लांबलचक मुलाखती ऐकतोय. परवा ऑफिसातला मित्र म्हणाला, "याचा सारांश दहा मिनिटांत वाचून होतो, तू एवढा वेळ कशाला घालवतोस?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

एक उदाहरण देतो. द्वारकेश पटेल हा भारतात जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला तरुण. २०२० मध्ये टेक्सासला कॉलेजात असताना त्याने पॉडकास्ट सुरू केला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने रिचर्ड सटन यांना बोलावलं. रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे करून बघायचं, बक्षीस-शिक्षेवरून शिकायचं, या शास्त्राचे ते एक जनक. अँड्र्यू बार्टो यांच्याबरोबर त्यांना २०२४चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळालं. २०१९ मध्ये त्यांनी एक छोटा निबंध लिहिला होता. यंत्रात माणसाचं ज्ञान भरत बसण्यापेक्षा भरपूर गणनशक्ती वापरणाऱ्या साध्या पद्धतीच शेवटी पुढे जातात, असा त्याचा आशय. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा मॉडेलं, म्हणजे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला शिकलेली यंत्रं, बनवणारे लोक हा निबंध आपल्या बाजूने दाखवत आले आहेत. आणि इथे तोच लेखक सांगत होता की ही मॉडेलं माणसांच्या बोलण्याची नक्कल करतात, त्यांना ध्येय नाही.

द्वारकेश म्हणाला, पुढचा शब्द ओळखणं हे ध्येयच की. सटन म्हणाले, त्याने जगात काही बदलत नाही, मग ते ध्येय कसलं? बराच वेळ दोघांना एकमेकांचं म्हणणं पोचतच नव्हतं. 'ध्येय' हा शब्द दोघं वेगळ्या अर्थाने वापरताहेत, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा दिवा स्टेशन गेलं होतं. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो. काही दिवसांनी द्वारकेशने एकट्यानेच बोलून, सटन यांचं काय आता पटतंय आणि काय अजून पटत नाही, हेही सांगितलं.

सारांशात एवढंच आलं असतं : 'सटन यांच्या मते भाषा मॉडेलांना ध्येय नसते.' दोन जाणती माणसं एका शब्दापाशी कशी अडली, ते आलं नसतं. मला तेच ऐकायचं असतं. तुमचा अनुभव काय?

गणितमास्तर

बदलापूरकर, कळकळ पोचली, पण असहमत.

अभियांत्रिकीच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. फळ्यावर उदाहरण सोडवताना सगळ्या माना डोलतात. तेच उदाहरण आकडे बदलून दिलं की अर्ध्या वह्या कोऱ्या येतात. मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना त्या वेळी खरंच समजल्यासारखं वाटलेलं असतं. या मुलाखतींनी नेमकं तसंच होतं आणि तिथे वही तपासायला कुणी नसतं.

दुसरं म्हणजे पाहुण्याचे हितसंबंध. याच पॉडकास्टवर जून २०२४ मध्ये लिओपोल्ड आशेनब्रेनर साडेचार तास बोलला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीत काम केलेला तरुण. २०२७ पर्यंत माणसाच्या तोडीची यंत्रबुद्धी येणं अगदी शक्य आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच मुलाखतीत तो याच अंदाजावर उभी राहणारी गुंतवणूक संस्था काढत असल्याचंही सांगतो. लपवत नाही, हे चांगलंच. पण साडेचार तास एखाद्याचा आवाज कानात राहिला की तो घरातला वाटू लागतो, आणि घरातल्याच्या आकडेमोडीवर आपण बोट ठेवत नाही. छापलेला लेख असेल तर मी प्रत्येक आलेखापाशी थांबतो, मागची पानं उलटतो. लोकलच्या दारात उभं राहून हे कसं होणार?

एक करून बघा. कोरा कागद घ्या. मुलाखत किंवा तिचं ट्रान्सक्रिप्ट (शब्दशः लिहून काढलेला मजकूर), काहीही न उघडता सटन यांचा युक्तिवाद दहा ओळींत लिहा. मग आशेनब्रेनरचा लिहा. काय होतं ते इथे प्रामाणिकपणे टाका.

शुभदा_कोथरूड

मास्तर, तुमची परीक्षा योग्य आहे, पण ऐकणाऱ्याला काहीच तपासता येत नाही हे मला मान्य नाही.

मी सटन यांची मुलाखत ऐकली ती पोळ्या करताना. त्यात लहान मुलांवरून वाद होतो. सटन म्हणतात, तान्ही मुलं नक्कल करून शिकत नाहीत, ती हात हलवतात, डोळे फिरवतात, करून बघतात. द्वारकेशला ते पटत नाही. मी अकरा वर्षं बालवाडी चालवली आणि दोन मुलं वाढवली. या प्रश्नावर माझ्याकडे त्या दोघांपेक्षा जास्त पुरावा आहे, असं मी नम्रपणे पण ठामपणे म्हणेन. पाच-सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा पुन्हा पुन्हा आपटतं, ते कुणाचं बघून नव्हे. तिथे सटन यांचं बरोबर. पण दीड वर्षाची मुलगी रिकामा फोन कानाला लावून आजीच्या सुरात "हं, हं, बोला" करते, ती कोणतं बक्षीस शोधत असते? तिथे ते पोराच्या बाबतीत घाईने बोलले, असं मला वाटलं.

तवा बंद करून मी हे वहीत लिहून ठेवलं. संशोधनाचा पेपर कुणी माझ्या हातात दिला असता तर त्याच्या पहिल्या परिच्छेदापलीकडे मी गेले नसते. बोलण्यात माणूस खारीचं उदाहरण देतो, बाळाचं देतो (सटन म्हणतात, एक खार नीट कळली तरी आपण जवळजवळ पोचलो!), आणि तेवढ्या फटीतून माझ्यासारखीला आत जाता येतं.

नदीकाठ

शुभदाताईंशी सहमत. बसून लांबलचक ऐकणं आपल्याला नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. माझी आजी अक्षरओळख नसताना कीर्तनाच्या पूर्वरंगातला सगळा सिद्धांत घरी येऊन सांगायची, उत्तररंगातल्या गोष्टीसकट.

माझी अडचण भाषेची आहे. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान लेक्स फ्रिडमन या अमेरिकी पॉडकास्टवाल्याशी तीन तासांहून जास्त बोलले, ते आमच्या घरी सगळ्यांनी ऐकलं, कारण ते हिंदीत बोलले. त्याच फ्रिडमनने नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीतल्या तिघांशी पाच तासांहून अधिक गप्पा मारल्या. ते मी एकट्याने, इअरफोन लावून ऐकलं. जेवताना वडिलांना सांगायला गेलो आणि तिसऱ्या वाक्याला अडखळलो.

कोरडवाहू

धागा वाचून राहवलं नाही.

मी तालुक्याच्या गावी राहून मराठी आवाजाच्या फिती तपासायचं काम करतो. यंत्राने लिहून काढलेलं वाक्य बरोबर आहे का ते बघायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. पैसे वाक्यागणिक. 'आलंय' की 'आलं आहे', 'पाणी' की 'पानी', यात दिवस जातो. या मुलाखती मीही ऐकतो, रात्री. मी ऐकलेल्या वीस-बावीस मुलाखतींत कंपन्यांचे प्रमुख होते, संशोधक होते, गुंतवणूकदार होते. माझं काम करणारा एकही माणूस नव्हता. 'डेटा' हा शब्द मात्र दर दहा मिनिटांनी येतो, जणू तो विहिरीतून आपोआप वर येतो.

जानेवारी २०२३ मध्ये टाइम मासिकाने केनियातल्या कामगारांवर लिहिलं होतं. चॅटजीपीटीला घाण मजकूर ओळखता यावा म्हणून ते लोक तो मजकूर वाचून त्याला खुणा करत होते, तासाला दोन डॉलरपेक्षा कमी पैशांत. त्यांतल्या एकाला समोर बसवून तीन तास बोलतं करा. तू काय वाचलंस, झोप लागायची का, कोणता मजकूर ठरवताना अडलास? बदलापूरकर, तुम्हाला माणसं अडलेली ऐकायला आवडतात ना? आम्ही दिवसाला शंभर वेळा अडतो.

बदलापूरकर

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याकडे उत्तर नाही. दोन वर्षांत ही जागा रिकामी आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटतंय. तुम्ही तुमच्या एका दिवसाच्या कामावर इथे वेगळा धागा काढलात तर मी पहिला वाचक.

मास्तर, काल रात्री जेवणानंतर कागद घेऊन बसलो. सटन यांच्या सात ओळी झाल्या, त्यांतल्या सहा नंतर ट्रान्सक्रिप्टशी ताडून बरोबर निघाल्या. सातवीत मी त्यांच्या तोंडी द्वारकेशचंच वाक्य घातलं होतं.

आशेनब्रेनरच्या तीन ओळी झाल्या. '२०२७', 'वेग प्रचंड आहे' आणि 'सरकारं जागी होतील'. का, ते लिहिताच येईना. साडेचार तास ऐकलं होतं मी ते, चार दिवस लोकलमध्ये, आणि तेव्हा अक्षरशः भारावलो होतो.

रात्री बराच वेळ हा फरक का पडला याचा विचार करत होतो. सटन यांच्या मुलाखतीत समोरचा सतत आडवा येत होता, त्यामुळे प्रत्येक मुद्दा दोनदा, वेगळ्या शब्दांत सांगितला गेला. आशेनब्रेनरची गाडी मला तरी फारशी अडवलेली आठवत नाही, आणि मीही त्याच्या ओघात वाहिलो. म्हणजे मी ज्याला लांबीचा गुण समजत होतो तो समोरच्याच्या तयारीचा होता. सटन यांची मुलाखत तर जेमतेम तासाभराचीच आहे.

हितसंबंधांबद्दल मात्र एवढं म्हणेन की द्वारकेशसमोरच्या त्याच खुर्चीत ऑक्टोबर २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी हा ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक संशोधक बसला आणि अशा यंत्रबुद्धीला अजून दहाएक वर्षं लागतील म्हणाला. दोन्ही ऐकणाऱ्याचा कान एकाच बाजूला कलत नाही.

गणितमास्तर

कागद घेऊन बसलात आणि चूक सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार. माझे विद्यार्थी हे करत नाहीत.

आशेनब्रेनरचा युक्तिवाद मी त्याच्या लेखावरून सांगतो. गणनशक्ती दर वर्षी साधारण अर्ध्या दहापटीने वाढते. अर्धी दहापट म्हणजे दहाचं वर्गमूळ, सव्वातीनपटीच्या आसपास. अल्गोरिदम, म्हणजे यंत्राला शिकवायच्या पद्धती, सुधारल्यामुळे आणखी तेवढीच वाढ. दोन्हींचा गुणाकार वर्षाला दहापट. चार वर्षांत दहा हजारपट. ओपनएआयच्या भाषा मॉडेलांत २०१९च्या जीपीटी-२ पासून २०२३च्या जीपीटी-४ पर्यंत बालवाडीतल्या मुलापासून हुशार बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत मजल गेली, तर तेवढीच आणखी एक उडी २०२७ पर्यंत, असं तो मांडतो.

आता त्याच्या लेखातल्या आलेखाचे दोन अक्ष वेगळे बघा. गणनशक्ती मोजता येते, ती किती वाढली हे कुणीही तपासू शकतं. पण 'बालवाडी' ते 'बारावी' ही पट्टी कोणत्या मापाने आखली? शुभदाताईंना विचारा, त्यांच्या बालवाडीतलं मूल जे करतं ते जीपीटी-२ करत होतं का? माझा आक्षेप तिथे आहे. साडेचार तासांत हा प्रश्न नीट विचारला गेला का, ते मला माहीत नाही, कारण मी मुलाखत ऐकलेली नाही, फक्त लेख वाचलाय.

शुभदा_कोथरूड

नव्हतं करत. बालवाडीतलं मूल डबा सांडला की आधी बाईंच्या तोंडाकडे बघतं आणि मग रडायचं की हसायचं ते ठरवतं.

बदलापूरकर

मास्तर, तो प्रश्न विचारला गेला का, हे मी शोधतो. या वेळी कानाने नाही. ट्रान्सक्रिप्ट छापून घेतो आणि शनिवारी पेन्सिल घेऊन बसतो. तुम्ही तेवढ्यात सटन यांची तासाभराची ऐकणार का?

गणितमास्तर

ऐकतो. आणि दहा ओळी मीही लिहून टाकतो.