अनुभव धागा: पुढारी नको म्हणून गेलेलो आपण

रानपाखरू:
परवा चौकात फ्लेक्स लागला, 'भावी नगरसेवक'. चेहरा ओळखीचा! ९ ऑगस्ट २०१६, औरंगाबादचा पहिला मराठा मूक मोर्चा. हा माझ्या शेजारी पोतं घेऊन पाण्याचे रिकामे पाऊच गोळा करत होता. घोषणा नाही, भाषण नाही, मुली पुढं, पुढारी शेवटी. एक आमदार हळूच पुढं सरकायला लागले तर ह्यानंच हात आडवा घातला. "साहेब, मागं." एवढ्या गर्दीत नुसता चपलांचा आवाज. तुमचंही लिहा.

बाळू_निफाड:
१ जून २०१७. पुणतांब्याहून संपाची हाक आली, चार वेळचं दूध डेअरीला घातलं नाही. ३ तारखेला पहाटे मेव्हण्याचा फोन, "संप मिटला, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यावर बैठक झाली." अरे, कुणी मिटवला? आम्ही कुणाला पाठवलंच नव्हतं! आमच्या नाशिककडं पुढं चालूच ठेवला. मग कर्जमाफी झाली, दीड लाखापर्यंत. माझं १ लाख ८०. वरचे तीस हजार आधी भरा म्हणे.

शमाताई:
दूध रस्त्यावर ओतलंत का हो? तेव्हा टीव्हीवर बघवत नव्हतं.

बाळू_निफाड:
नाही ताई. आईनं खवा आटवला, वस्तीभर पेढे. साखरेवरून बायको अजून ऐकवते.

पुणेरी_मिरची:
२०११, अण्णा हजारेंचं आंदोलन. ऑफिस सुटलं की 'मी अण्णा' टोपी न मेणबत्ती. राजकारण म्हणजे गटार असं छातीठोक सांगायचो. २०१२ला त्यातूनच पक्ष निघाला, डबा खाताना मित्राशी कडाक्याचं भांडण. सहा महिने अबोला. टोपी परवा घराला रंग देताना घातली.

गुंड्याभाऊ:
आमच्या सोसायटीत चेअरमन नको, सगळे मिळून बघू असं ठरलं. लिफ्ट चार महिने बंद. मी पाचवा मजला.

शमाताई:
😂 गुडघे कसे आहेत?

गुंड्याभाऊ:
विचारू नका. तेलाचं नाव सांगा कुणीतरी.

पुणेरी_मिरची:
@रानपाखरू, मग त्या फ्लेक्सवाल्याला मत देणार?

रानपाखरू:
तेच कळेना. आमच्या गल्लीतला नाला त्यानंच उपसून घेतला. पण फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात फोटो कुणाचा माहितेय? ज्याला आडवा हात घातला, तोच.

बाळू_निफाड:
🙏 आता पोतं कोण उचलतंय?

शमाताई:
बाळूभाऊ, किलोभर खव्याला साखर किती घातली आईंनी? माझे पेढे बसतच नाहीत.