मदत हवी आहे: पुढे गर्भाशय प्रत्यारोपण झालंच तर?

मी ट्रान्स स्त्री, वय २६, कोथरूडला राहते. हॉर्मोन सुरू करण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवलेत. भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण २०१७ मध्ये आपल्या पुण्यातच झालं, २०१८ मध्ये बाळही जन्मलं, म्हणून आशा सुटत नाही. आमच्यासाठी ही शस्त्रक्रिया अजून रुळलेली नाही, ठाऊक आहे. दत्तकाचं वाचलंय, तो सल्ला नको. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनी विषयच बदलला. फार लागलं ते.

योनीरचनेची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी आहे. ती त्वचेपासून केली की आतड्याच्या तुकड्यापासून, यावर उद्या गर्भाशय जोडणं अवलंबून राहील का? हे नीट समजावून सांगणारे डॉक्टर पुण्यात (मुंबईही चालेल) कुणाला माहीत आहेत का?