जुन्या पद्धतीची चॉकलेट कँडी, आत पांढरं क्रीम असलेली, घरी कशी करायची?

गोडखाऊ: आत मऊ फाँडंट (साखरेचा पाक घोटून केलेलं पांढरं क्रीम) आणि वरून डार्क चॉकलेटचं कडक कवच असलेली कँडी करायचीय. पाक किती शिजवायचा आणि चॉकलेट चमकदार राहायला काय करायचं?

पाकवेडी: पाक ११४ डिग्रीला उतरवा, म्हणजे थंड पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी होते तेव्हा. मग अजिबात न हलवता कोमट होऊ द्या आणि नंतरच घोटा, गरम असताना घोटलं तर साखर रवाळ होते, आणि हो, थोडा लिंबाचा रस घाला शिजवताना.

कोको_प्रेमी: चमक टेंपरिंगमुळे येते, म्हणजे डार्क चॉकलेट ४५-५० डिग्रीपर्यंत वितळवायचं, २७-२८ला आणायचं, परत ३१-३२ करून मग बुडवायचं. हे टाळलं की कोको बटर (चॉकलेटमधला स्निग्धांश) वर येऊन पांढरे डाग पडतात. थर्मामीटर घ्याच, अंदाजाने नाही जमत. भांड्यात पाण्याचा थेंबही नको, चॉकलेट घट्ट गोळा होतं.

पाकवेडी: आतले फाँडंटचे गोळे फ्रीजमधून काढून लगेच बुडवू नका, नंतर कवचाला तडे जातात.

गोडखाऊ: मस्त! मिल्क चॉकलेटला पण हेच तापमान का?

कोको_प्रेमी: नाही, शेवटी २९-३० ठेवा.