अटक पान एकवर, सुटका आतल्या पानावर: पेपरात आपण मुसलमान कसा बघतो?

घोरपडीपेठकर:
मी घोरपडी पेठेत वाढलो, आता कोंढव्यात राहतो. घरात कायम मराठी पेपर, अब्बा सकाळी चहा घेताना मोठ्याने वाचायचे आणि आम्ही पोरं शाळेची तयारी करत ऐकायचो. २००६ मध्ये मालेगावला स्फोट झाले, नंतर नऊ मुसलमान पोरांना धरलं, आमच्या पेपरात पान एकवर मोठं हेडिंग होतं आणि मजकुरात 'संशयित' शब्द कुठेतरी चौथ्या परिच्छेदात. त्या दिवसापासून अब्बा पेपर मनातल्या मनात वाचायला लागले. २०१६ मध्ये कोर्टाने त्या सगळ्यांना आरोपमुक्त केलं, एकजण तर तोवर वारला होता. ती बातमी मी शोधून काढली, आत नवव्या पानावर, एक कॉलम, खाली क्लासची जाहिरात. मला कुणाची बाजू घ्यायची नाहीये, फक्त एवढंच विचारायचंय की अटकेला जेवढी जागा दिली तेवढी सुटकेला का नाही? आणि मागे आमच्या गल्लीत पाण्याची बोंब होती त्याची बातमी आली, बातमी टँकरची आणि फोटो मशिदीच्या मिनाराचा. का?

शनिवारातला:
दादा तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पेपर मुसलमानांच्या विरोधात आहेत हे मला पटत नाही, उलट कुठे दगडफेक झाली की 'दोन गटांत हाणामारी', 'विशिष्ट समाजाचा जमाव' असलं गुळमुळीत लिहितात, वाचणाऱ्याला काही कळत नाही मग तो व्हॉट्सॲपवर नावं शोधतो आणि तिथे वाट्टेल ते फिरत असतं. आणि सुटकेचंच म्हणाल तर २००८ चा मालेगावचा स्फोट घ्या, त्यात आरोपी हिंदू होते, 'भगवा दहशतवाद' हा शब्द किती वर्षं चालवला सगळ्यांनी? ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. त्यांच्या घरच्यांनी काय काढलं असेल? जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला तेव्हा, १३ फेब्रुवारी २०१०, माझी बहीण कोरेगाव पार्कात नोकरीला होती, दोन तास फोन लागत नव्हता, आई देवासमोर बसून होती. १७ माणसं गेली त्यात. अशा वेळी पेपरने संशयिताचं नाव छापू नये का?

घोरपडीपेठकर:
२००८ बद्दल तुमचं शंभर टक्के मान्य, माझी तक्रार तीच आहे, आरोपी कुठल्या धर्माचा आहे याने ती बदलत नाही. पण जर्मन बेकरीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, त्यात ज्याला २०१३ ला फाशी सुनावली तो २०१६ ला हायकोर्टातून सुटला. फाशीची बातमी सगळ्या पुण्याला पाठ आहे, ही किती जणांना माहिती?

शनिवारातला:
सुटला नाही! कटाच्या आणि स्फोटाच्या आरोपांतून सुटला, फाशी गेली, पण स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप हायकोर्टाने कायम ठेवली. अर्धं सांगू नका.

घोरपडीपेठकर:
चूक झाली, तुमचं बरोबर आहे. मी अर्धंच लक्षात ठेवलं होतं आणि तेच पुढे सांगितलं. वरच्या कमेंटमधलं 'सुटला' हे मागे घेतो.

माजी डेस्क:
पुण्यात बरीच वर्षं उपसंपादक होतो म्हणून लिहितो. कुणी ठरवून करतं असं मी पाहिलं नाही, पण होतं कसं ते सांगतो. अटकेची बातमी पोलिसांच्या प्रेसनोटमधून येते, तयार असते, फोटोसकट, संध्याकाळी. क्राइमवाल्या वार्ताहराचा सगळा धंदा पोलिसांच्या ओळखीवर, त्याने रोज त्यांच्यावर शंका घेतली तर उद्या त्याला कोण विचारणार? सुटकेचा निकाल दहा वर्षांनी लागतो, तोवर वार्ताहर बदललेला, निकाल शेकडो पानी, कोर्टात माणूस एकच, मग वृत्तसंस्थेच्या दहा ओळी उचलायच्या. आणि फोटोचं म्हणाल तर आमच्या सिस्टिमवर एक फोल्डर होतं, त्याचं नावच 'मुस्लिम', आत सगळे मिळून वीसएक फोटो, नमाजाच्या रांगा, पाठमोरे बुरखे, जाळीदार टोप्या, एक मिनार. आरक्षण असो, शिष्यवृत्ती असो, लोकसंख्या असो, रात्री साडेअकराला पान सोडायचं असताना हात त्याच फोल्डरवर जायचा. माझाही जायचा. 'हिंदू' नावाचं फोल्डर नव्हतं, कारण बाकीचे फोटो विषयाप्रमाणे होते, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी. हे नोकरीत असताना एकदाही डोक्यात आलं नाही याचं आज फार वाईट वाटतं.
आणि 'दोन गटांत' हे गुळमुळीत नाहीये, दंगलीच्या बातमीत समाजाची नावं घालू नयेत असा प्रेस कौन्सिलचा संकेत आहे, त्याने आग भडकत नाही. पण कौन्सिलला १९७८ च्या कायद्याने दंड करायचा अधिकार नाही, फार तर समज द्यायची, निषेध नोंदवायचा. टीव्ही तर त्यांच्या कक्षेतच नाही.

कॅम्पातली सीए:
काका मनापासून लिहिलंत, पण 'ठरवून नव्हतं' याने माझं काय भागतं? २०२० ला दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यामुळे करोना पसरला अशा बातम्या रोज चालू होत्या तेव्हा आमच्या सोसायटीत सहा वर्षं येणारा भाजीवाला गेटवर अडवला, आधार कार्ड बघून परत पाठवला, मी गॅलरीतून बघत होते. त्याने हातगाडी वळवली तेव्हा वरचे टोमॅटो घरंगळले, ते उचलायलाही तो थांबला नाही. त्याच ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि छापील आणि टीव्ही माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला असं निकालात स्पष्ट लिहिलं. तो भाजीवाला परत कधी आला नाही. त्याच वर्षी आपल्या पुण्यातल्या आझम कॅम्पस या शिक्षणसंस्थेने आपली मशीद क्वारंटाइनसाठी देऊ केली होती, हे सोसायटीत कुणाला माहितीच नव्हतं.
अजून एक, हे पुरोगामी पेपरांनाही लागू आहे. मला आजवर तीनदा प्रतिक्रियेसाठी फोन आलेत, तिन्ही वेळा तलाक नाहीतर हिजाब. मी जीएसटी करते हो. बजेटच्या दिवशी कुणी विचारत नाही.

शनिवारातला:
भाजीवाल्याचं चूकच झालं, त्यावर दोन मतं नाहीत. पण ताई, तलाकवर विचारणं हे बायस कसं? हमीद दलवाई स्वतः पत्रकार होते, १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी काढला, २२ मार्च १९७० ला समाजसुधारणेसाठी त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ इथेच पुण्यात सुरू झालं. त्यांना विरोध पेपरांनी केला की तुमच्या समाजाने?

कॅम्पातली सीए:
समाजाने केला, आणि वाईट केला. माझ्या आजोबांनीही केला, ते आमच्या घरात आम्ही लपवत नाही. पण मंडळ आजही काम करतंय आणि चॅनलवर चर्चा असली की बोलवतात कुणाला? जो जास्त ओरडेल त्या मौलानाला. म्हणजे तिकडे समाजाने ऐकलं नाही आणि इकडे तुम्हाला ऐकायला मिळत नाही. विचारा की तलाकवर, जरूर विचारा, पण मग हुंड्याची बातमी असताना शेजारच्या जोशीकाकूंना धर्माच्या वतीने उत्तर द्यायला का लावत नाही?

शनिवारातला:
हा मुद्दा मला आधी कुणी असा सांगितला नव्हता, विचार करतो. पण नावं लपवण्याचं मला अजून पटलेलं नाही, दोन्हीकडची छापा, अटकेची छापा आणि सुटकेचीही छापा, त्याच पानावर त्याच साइजमध्ये.

माजी डेस्क:
दंगल चालू असताना नको, शांत झाल्यावर छापा. रात्री आलेल्या पहिल्या बातमीतली नावं निम्म्या वेळा चुकीची निघतात, आणि सकाळपर्यंत कुणाचं तरी दुकान जळलेलं असतं. यावर मी मागे हटणार नाही.

घोरपडीपेठकर:
काका, ते फोल्डर अजून आहे का तिथे? ओळखीचं कुणी डेस्कवर असेल तर विचारून सांगाल का?